तिजोरीची किल्ली आणि बहुमताच्या मर्यादा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९६३ च्या ऑगस्ट महिन्यात लोकसभेत स्वतंत्र भारताच्या सरकारविरुद्धचा पहिला अविश्वासाचा ठराव चर्चेला आला. ठराव आचार्य कृपलानींचा होता. मतदानाचा निकाल काय लागणार याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती, आणि तो तसाच लागला. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. निव्वळ मते मोजायची तर तो सारा खटाटोप वाया गेला असेच म्हणावे लागेल. परंतु त्याच चर्चेत, पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले आणि या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात असे त्यांनी सरकारला सुनावले. सरकार पक्षाकडून पंधरा आण्यांचा आकडा पुढे करण्यात आला. तीन आणे खरे की पंधरा आणे खरे, श्रीमंतांचे उत्पन्न मिसळून काढलेल्या सरासरीला अर्थ किती, हा वाद सभागृहाच्या भिंती ओलांडून देशभर गेला. ठराव पडला; प्रश्न मात्र उभा राहिला.

विधिमंडळ कशासाठी असते, याचे उत्तर या एका प्रसंगात सापडते. कायदे करणे हे त्याचे काम खरेच; परंतु ज्यांच्या हाती राज्याची तिजोरी आणि दंडशक्ती आहे त्यांना भर सभेत जाब विचारणे, हे त्याहून जुने आणि अधिक मोलाचे काम होय. भारतीय राज्यघटनेने विधिमंडळाची रचना करताना ही दोन्ही कामे ध्यानात ठेवली. तिने विधिमंडळाला मर्यादा घातल्या आणि त्याच वेळी सरकारला मर्यादा घालण्याचे सामर्थ्य विधिमंडळाला दिले. पहिल्या प्रकारच्या मर्यादांविषयी गेली पंचाहत्तर वर्षे भरपूर वाद झाले. दुसऱ्या प्रकारच्या मर्यादा मात्र एकेक करून सैल होत गेल्या, आणि त्याकडे पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांचेही जावे तितके लक्ष गेले नाही.

सार्वभौम कोण?

ब्रिटिश पार्लमेंट सार्वभौम आहे असे मानले जाते. भारताची संसद त्या अर्थाने सार्वभौम नाही. घटनेच्या ७९ व्या कलमानुसार राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा मिळून संसद बनते. आणि ही संसद घटनेने आखून दिलेल्या कुंपणाच्या आतच वावरते. सातव्या परिशिष्टातील तीन सूच्यांनी केंद्र आणि राज्ये यांच्यात कायदे करण्याचे विषय वाटून दिले आहेत. तेराव्या कलमाने मूलभूत हक्कांचा संकोच करणारा कायदा त्या मर्यादेपुरता रद्दबातल ठरतो. घटनादुरुस्तीसाठी ३६८ व्या कलमाने साध्या बहुमताऐवजी विशेष बहुमताची, आणि संघराज्याच्या रचनेला हात लावणाऱ्या काही तरतुदींसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांच्या संमतीचीही अट घातली आहे.

या कुंपणाविषयी समाजवादी चळवळीची सुरुवातीची भावना संशयाची होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्या संशयाला कारणही होते. बिहारचा जमीनसुधारणा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द ठरवला. जमीनदाराचा मालमत्तेचा हक्क हा कुळाच्या भाकरीच्या आड आला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि जमीनसुधारणांचे कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी नववे परिशिष्ट घटनेला जोडण्यात आले. पुढे १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा मतांनी, संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती करताच येणार नाही असा निर्णय दिला. या निर्णयाने अस्वस्थ झालेल्यांत कोकणचे प्रतिनिधी बॅ. नाथ पै हे आघाडीवर होते. संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खाजगी विधेयक त्यांनी लोकसभेत मांडले. लोकांनी निवडलेल्या सभागृहाने काय बदलावे आणि काय बदलू नये, हे न्यायाधीशांच्या एका मताच्या आधिक्याने का ठरावे, हा त्यामागचा प्रश्न लोकशाहीवादी माणसाचा प्रश्न होता. नाथ पै १९७१ च्या जानेवारीत गेले. त्यांना अभिप्रेत असलेला अधिकार त्याच वर्षीच्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला मिळाला.

आणि चारच वर्षांत त्या अधिकाराची दुसरी बाजू देशाला दिसली. आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते, आणि अशा संसदेने १९७५ च्या ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती संमत करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. ती निवडणूक ज्यांच्या अर्जावर अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द ठरवली होती ते राजनारायण समाजवादीच होते. त्या खटल्यात पंतप्रधानांची निवडणूक वैध ठरली खरी; परंतु ती न्यायालयापासून दूर नेणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या नोव्हेंबरात रद्द केले, ते कशाच्या आधाराने? १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी मांडलेल्या तत्त्वाच्या आधाराने. संसदेला घटना दुरुस्त करता येईल, परंतु तिची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे ते तत्त्व होते. ज्या कुंपणाला चळवळीने अडथळा मानले होते, त्याच कुंपणाने चळवळीच्या माणसाला आधार दिला.

लोकसभेची पाच वर्षांची मुदत १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. ती वाढवण्यात आली. मतदारांनी पाच वर्षांसाठी दिलेला अधिकार सहाव्या वर्षी वापरणे हा मतदारांचा विश्वासघात आहे, असे मानून मधु लिमये आणि शरद यादव यांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. लिमये त्या वेळी तुरुंगात होते. बहुमताला मर्यादा असते ही गोष्ट न्यायालयाने निकालपत्रातून सांगितली. या दोघांनी ती आपल्या आचरणातून सांगितली.

या साऱ्या इतिहासातून निघणारा धडा साधा आहे. मर्यादा जनतेवर नसते. ती जनतेच्या नावाने बोलणाऱ्या तात्कालिक बहुमतावर असते. आपल्या बाजूचे बहुमत असताना ती जाचते आणि आपण अल्पमतात गेलो की तीच छत्र होते. म्हणून मर्यादेचा विचार करताना सत्ता आज कोणाकडे आहे हे क्षणभर विसरावे लागते.

घटनेने अर्थव्यवस्था का ठरवली नाही?

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. मूलभूत हक्क जर बहुमताच्या आवाक्याबाहेर ठेवायचे, तर आर्थिक समतेची हमीही त्याच कड्याकुलपात का ठेवली नाही? हा विचार घटनाकारांना सुचला नव्हता असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात, शेती आणि महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि ही व्यवस्था घटनेतच नमूद करावी, म्हणजे पुढच्या एखाद्या बहुमताला ती मोडता येणार नाही, अशी मांडणी केली होती. परंतु १९४८ च्या नोव्हेंबरात, मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घटनेच्या पहिल्या कलमात घालण्याची सूचना मांडली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने डॉ. आंबेडकरांनीच तिला विरोध केला. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे प्रत्येक काळच्या लोकांनी ठरवावे, ते घटनेने बांधून टाकू नये, अशी त्यांची भूमिका होती. आणि आर्थिक दिशा दाखवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे आहेतच, याचीही त्यांनी आठवण दिली.

या दोन भूमिकांत विसंगती पाहण्यापेक्षा त्यांतून उरलेली जबाबदारी पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. घटनेने आर्थिक समतेचा प्रश्न न्यायालयाकडे सोपवला नाही. सदतिसाव्या कलमाने मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असे स्पष्टच म्हटले. तो प्रश्न तिने विधिमंडळाकडे सोपवला. याचा अर्थ असा की, भूमिहीनाला जमीन, कामगाराला पुरेसे वेतन, खेड्यातल्या मुलाला शाळा मिळणार की नाही, याचा निकाल मुख्यतः कायदे आणि अर्थसंकल्प यांतून लागणार. विधिमंडळ जर या कामी दुबळे झाले, तर गरिबाचा दावा ऐकण्यासाठी घटनेने नेमलेली मुख्य कचेरीच बंद पडली असे समजावे.

किल्लीची व्यवस्था

तिजोरीची किल्ली घटनेने कोणाच्या हाती दिली आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याला कलमांच्या आकड्यांसह ठाऊक असावे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही, असे २६५ वे कलम सांगते. सरकारला मिळणारा महसूल आणि सरकारने काढलेली कर्जे संचित निधीत जमा होतात, आणि कायद्याने ठरवून दिल्याशिवाय त्या निधीतून एक पैसाही काढता येत नाही, असे २६६ वे कलम सांगते. ११२ व्या कलमानुसार दरवर्षी वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजे ज्याला व्यवहारात अर्थसंकल्प म्हणतात ते, संसदेपुढे ठेवावे लागते. खर्चाचे अंदाज अनुदानाच्या मागण्यांच्या रूपाने लोकसभेपुढे येतात. लोकसभेला मागणी मान्य करता येते, नाकारता येते, तिच्यात कपात करता येते. वाढ करता येत नाही. कारण खर्चाची मागणी सरकारनेच करायची, असा दंडक आहे. मागण्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयक संमत होते आणि मगच पैसा हलतो. खर्च झाल्यानंतर नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात, त्यांचा अहवाल सभागृहापुढे येतो आणि लोकलेखा समिती त्याची छाननी करते. १९६७ पासून या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत रूढ झाला आहे.

यातील कपातसूचनेची पद्धत मोठी अर्थपूर्ण आहे. एखाद्या खात्याचे धोरणच मान्य नसेल तर सदस्य ‘ही मागणी एक रुपयापर्यंत कमी करावी’ अशी सूचना देतो. एखादे विशिष्ट गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करावी अशी सूचना देतो. शंभर रुपयांनी सरकारचे काय बिघडणार? काहीच नाही. परंतु त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने पाण्याविना राहिलेल्या गावाचे किंवा पगाराविना राहिलेल्या शिक्षकाचे गाऱ्हाणे मंत्र्याच्या कानावर घालता येते, आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते.

ही व्यवस्था केवळ कागदावरची नव्हे, हे मुंध्रा प्रकरणाने सिद्ध केले. आयुर्विमा महामंडळाने विमाधारकांचे सव्वा कोटी रुपयांच्या घरातले पैसे एका उद्योगपतीच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांत गुंतवले. १९५७ च्या डिसेंबरात फिरोझ गांधींनी हे प्रकरण लोकसभेत बाहेर काढले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी उघड चौकशी केली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, फिरोझ गांधी सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते. पंतप्रधानांचे ते जावई होते. सत्ताधारी बाकांवरूनही सरकारला जाब विचारता येतो असे मानणारी ती लोकसभा होती.

आज काय दिसते? मागण्यांवरील चर्चेसाठी ठरलेला अवधी संपला की उरलेल्या साऱ्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात. संसदीय भाषेत याला गिलोटिन म्हणतात, आणि ते नाव सार्थ आहे. काही मागण्यांवर तरी सविस्तर चर्चा व्हावी हा संकेत मात्र पूर्वी पाळला जाई. २०१८ साली आणि पुन्हा २०२३ साली लोकसभेने सर्वच्या सर्व मागण्या गदारोळात, चर्चेविना मंजूर केल्या. लक्षावधी कोटी रुपयांचा खर्च, आणि त्यावर एका खात्यापुरतीही चर्चा नाही! गदारोळाला कोण कारणीभूत होते याचा वाद दोन्ही बाजूंनी घालावा. पण चर्चा न झाल्याने कोणाची सोय झाली, हा प्रश्न त्या वादात हरवता कामा नये. पहिल्या लोकसभेच्या कारकिर्दीत ६७७ बैठका झाल्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या बैठका २७४ भरल्या. ‘होईल तितक्या लवकर’ उपाध्यक्ष निवडावा असे घटना म्हणते; या लोकसभेने तो अखेरपर्यंत निवडलाच नाही. कुलूप जागेवर आहे, किल्लीही जागेवर आहे. किल्ली ज्याच्या हाती दिली तो पहारेकरीच कामावर येईनासा झाला आहे.

वटहुकुमाचे राज्य

किल्ली टाळून जाण्याच्या दोन वाटा विशेष रुळल्या आहेत. पहिली वटहुकुमाची. संसदेचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज उद्भवली तर राष्ट्रपतींना १२३ व्या कलमाखाली वटहुकूम काढता येतो. राज्यपालांना तसाच अधिकार २१३ व्या कलमाने आहे. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत संमती मिळाली नाही तर तो वटहुकूम संपतो. अपवादासाठी ठेवलेल्या या दाराचा राजमार्ग कसा होतो, हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी दाखवून दिले. बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले की, तेथे वटहुकूम विधानसभेपुढे कायद्याच्या रूपाने येतच नाहीत. अधिवेशन संपले की तेच वटहुकूम पुन्हा काढले जातात. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले. काही तर चौदा वर्षांपर्यंत. उसाचा पुरवठा आणि खरेदी यांचे नियमन करणारा वटहुकूम तेरा वर्षांहून अधिक काळ चालला. म्हणजे ऊस उत्पादक शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा कायदा तेरा वर्षे त्याच्या आमदाराच्या मताविना चालू होता. डॉ. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती भगवतींच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, विधिमंडळाला डावलून वटहुकूम पुन्हा पुन्हा काढणे ही घटनेशी प्रतारणा आहे असा निर्वाळा दिला. २०१७ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो अधिक कडक केला. एका अभ्यासकाने ग्रंथालयात बसून राजपत्राची पाने उलटली, म्हणून हे घडले.

परंतु वटहुकुमाचा हिशेब मांडताना स्वतःच्या वहीचे पानही उघडावे लागते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते वटहुकुमाने. संसदेचे अधिवेशन दोनच दिवसांवर आले होते. समाजवाद्यांची ती जुनी मागणी होती. तिचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. पण दोन दिवस का थांबता आले नाही, असे त्या आनंदात किती जणांनी विचारले? आवडत्या कामासाठी उघडलेली पळवाट नावडत्या कामासाठी बंद होत नाही. ५ जून २०२० रोजी, महामारीने देश घरात कोंडला असताना, शेतीविषयक तीन वटहुकूम निघाले. सप्टेंबरात त्यांची विधेयके आली. ती समितीकडे पाठवावीत ही मागणी मान्य झाली नाही; राज्यसभेत २० सप्टेंबर रोजी मतविभागणीची मागणी होत असताना त्यांपैकी दोन आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर करण्यात आले. जे प्रश्न समितीच्या खोलीत शेतकरी संघटनांना बोलावून विचारता आले असते, ते दिल्लीच्या वेशीवर थंडीवाऱ्यात वर्षभर बसून शेतकऱ्यांना विचारावे लागले. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे मागे घेण्यात आले. तो शेतकऱ्यांचा विजय होता. मात्र ते कायदे मागे घेणारे विधेयक चर्चेविनाच संमत झाले. कायदा आला समितीविना आणि गेला चर्चेविना. सभागृहाचा त्यात शिक्क्यापुरता उपयोग झाला.

धनविधेयकाची आडवाट

दुसरी वाट धनविधेयकाची. केवळ कर, कर्ज, संचित निधी आणि तदनुषंगिक बाबींपुरते असलेले विधेयक म्हणजे धनविधेयक, अशी व्याख्या ११० व्या कलमात आहे. राज्यसभेला अशा विधेयकात दुरुस्ती करता येत नाही. चौदा दिवसांत ते शिफारशींसह वा शिफारशींविना परत करावे लागते, आणि त्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. विधेयक धनविधेयक आहे की नाही याचा निर्णय लोकसभाध्यक्षांचा आणि तो अंतिम. तिजोरीवर थेट निवडलेल्या सभागृहाचाच अधिकार चालावा हा यामागचा हेतू योग्य आहे. परंतु व्याख्येतील ‘केवळ’ हा शब्द विसरला की राज्यसभा वगळण्याचे ते साधन होते.

२०१६ साली आधारचा कायदा धनविधेयक म्हणून संमत झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते ग्राह्य धरले. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्रात त्याला घटनेशी केलेली प्रतारणा म्हटले. २०१७ च्या वित्त कायद्यातून निवडणूक रोख्यांची योजना आली. म्हणजे राजकीय पक्षांना गुप्त देणग्या कशा मिळाव्यात, हा लोकशाहीच्या मुळाशी भिडणारा प्रश्न करांच्या दरांसोबत बांधून नेला गेला आणि राज्यसभेचा निर्णायक अधिकार निष्प्रभ झाला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. परंतु तोवर सात वर्षे लोटली होती आणि सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. न्यायालय मोडलेले कुंपण पुन्हा उभारू शकते. दरम्यान शेतात शिरलेल्या गुरांनी खाल्लेले पीक ते परत आणू शकत नाही. ते राखणीचे काम सभागृहाचेच.

सदस्याचा आवाज

मग सभागृह राखण का करत नाही? याचे एक उत्तर घटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. घोडेबाजाराला आळा बसावा हा हेतू कोणीही नाकारणार नाही. पण त्या परिशिष्टाने पक्षादेशाविरुद्ध केलेले प्रत्येक मत अपात्रतेचे कारण केले. विश्वासदर्शक ठराव असो की एखाद्या खात्यावरील शंभर रुपयांची कपातसूचना असो, शिक्षा एकच. सत्ताधारी सदस्याला बोलता येते. आपल्या बोलण्याप्रमाणे मत देता येत नाही. मताचे भय नसलेल्या सरकारला भाषणाचे भय कितपत राहणार? आणि एवढे करून घोडेबाजार थांबला काय? महाराष्ट्राने २०२२ साली जे पाहिले त्याचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. एकट्याचे प्रामाणिक मत अडवणारा कायदा टोळीचे पक्षांतर अडवू शकला नाही.

याउलट कायद्याची सक्ती नसताना काय घडले होते, तेही आठवावे. १९४८ साली आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी काँग्रेसमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी संयुक्त प्रांताच्या विधानसभेतील आपल्या जागा सोडल्या. ज्या पक्षाच्या नावावर मते मागितली तो पक्ष सोडल्यावर ती जागा ठेवणे त्यांना अनुचित वाटले. पोटनिवडणुकीत आचार्य पराभूत झाले. त्या पराभवाची चळवळीला कधी लाज वाटली नाही. राजकीय नीती कायद्याने थोडीफार राखता येते, निर्माण करता येत नाही. म्हणून दिनेश गोस्वामी समितीने १९९० साली सुचवल्याप्रमाणे, मतदानाबद्दलची अपात्रता विश्वास वा अविश्वासाच्या ठरावापुरती सीमित करावी आणि इतर प्रश्नांवर सदस्याला मत परत द्यावे, ही मागणी समाजवादी पक्षांनी पुन्हा उचलली पाहिजे.

कार्यकर्त्याचे काम

‘बहुमत त्यांचे आहे, चर्चा करून काय होणार?’ असा निराशेचा सूर अलीकडे कार्यकर्त्यांतही ऐकू येतो. १९६३ साली ६२ विरुद्ध ३४७ असेच चित्र होते. तरीही तीन आण्यांचा हिशेब झाला. रस्त्यावरची चळवळ आणि सभागृहातील प्रश्न ही एकाच कामाची दोन टोके आहेत. रस्त्यावरून प्रश्नाला बळ मिळते. सभागृहातून त्याला उत्तर मिळवावे लागते.

यासाठी कार्यकर्त्यांनी काही साध्या गोष्टी हाती घेता येतील. आपल्या आमदाराने आणि खासदाराने वर्षभरात किती प्रश्न विचारले, कोणत्या मागणीवर भाषण केले, किती कपातसूचना दिल्या, याची नोंद तालुक्याच्या कार्यालयात ठेवावी आणि ती जाहीर सभेत वाचून दाखवावी. आदिवासी विकास, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा यांपैकी एका खात्याची मागणी दरवर्षी निवडून तिचा अभ्यासवर्ग घ्यावा. तरतूद किती होती, खर्च किती झाला, महालेखापरीक्षकांनी कोणते आक्षेप घेतले, हे ताडून पाहावे. मूळ अर्थसंकल्पात न आलेले खर्च पुरवणी मागण्यांतून कसे येतात यावर नजर ठेवावी. विधिमंडळाच्या बैठकांची किमान संख्या ठरवून द्यावी, प्रत्येक महत्त्वाचे विधेयक समितीकडे जावे, वटहुकुमासोबत तातडीची कारणे सविस्तर प्रसिद्ध व्हावीत, या मागण्या पक्षाच्या जाहीरनाम्यात शेवटच्या पानावर न टाकता पहिल्या पानावर घ्याव्यात. आणि ज्या राज्यात वा नगरपालिकेत आपल्या विचारांचे लोक सत्तेवर असतील, तेथे याच कसोट्या प्रथम त्यांना लावाव्यात. बँकांच्या वटहुकुमाच्या वेळी न विचारलेला प्रश्न विचारण्याची सवय तेथूनच लागेल.

डॉ. वाधवांनी बिहारच्या राजपत्राची पाने उलटली तेव्हा त्यांच्यामागे पक्ष नव्हता, सत्ता नव्हती, बहुमत तर नव्हतेच. हिशेब वाचण्याची चिकाटी तेवढी होती. घटनेने विधिमंडळाला बांधले ते सरकार मोकाट सुटावे म्हणून बांधलेले नाही. सरकारलाही कोणीतरी बांधून ठेवावे म्हणून तिने तिजोरीची किल्ली त्याच विधिमंडळाच्या हाती दिली. ती किल्ली वापरायला लावणे हे मतदारांचे काम आहे, आणि मतदारांना त्याची आठवण देत राहणे हे कार्यकर्त्यांचे. पुढचा अर्थसंकल्प सभागृहापुढे येईल, तेव्हा प्रत्येक तालुक्यात निदान पाच माणसे त्यातील एका खात्याचे पान हाती घेऊन बसलेली असावीत. सुरुवात तेवढ्याने होईल.